सुईत आलेलं हळदीचं दूध

डॉक्टरांनी ह्यांच्या पाठीत, डाव्या अंगाला, जाड सुई घातली आणि दट्ट्या मागं ओढला. काचेच्या नळीत पिवळं आलं. आधी थोडं, मग नळी भरेपर्यंत. गढूळ होतं, आंबूस वास येत होता, आणि वर तुपाचे बारीक डोळे तरंगत होते. डॉक्टरांनी नळी खिडकीकडं धरली, नाकाशी नेली, आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, यांना काय पाजलं होतं?"

"हळदीचं दूध."

"किती?"

"तीन वाट्या. तूप घालून."

"ते पोटात जायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. "हे मी छातीतनं काढलंय."

मी उभी होते. रडू आलं नाही, चक्कर आली नाही. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं की हळद जरा जास्तच पडली होती.

हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आता या वयात घेऊन काय करायचं. ते सोलापुरात गिरणीत होते, सुताला खळ लावायच्या खात्यात. शुक्रवार पेठेत दोन खणांची जागा होती. ते, मी आणि त्यांची आई, एवढेच राहत होतो. मूल अजून झालं नव्हतं. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती, त्यांच्या हातमागासाठी मी घरी बसून सुताच्या कांड्या भरून द्यायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्यात जसं जमेल तसं लिहिते आहे.

सुईच्या आदल्या दिवशी ह्यांच्या चुलतभावाच्या घरी जेवण होतं. त्यांच्या मुलीचा ताप उतरावा म्हणून देवीला बोकड बोलला होता, तो फेडला. पुरुषांची पंगत आधी बसली. मी वाढत होते. आमच्याकडं नुसतं वाढून चालत नाही, समोरच्याला नको म्हणू द्यायचं नसतं. नको म्हटलं की आणखी वाढायचं, ही रीत.

"घे की रं, नळी घे," चुलतभाऊ म्हणाले. "मऊ हाय."

"बास, भाऊ. गळ्यापातूर आलंय."

"गळ्याच्या वर अजून टाळू हाय की. तितवर भर."

सगळी पंगत हसली. हेही हसले. मी त्यांच्या ताटात आणखी दीड भाकरी टाकली आणि वरून रस्सा ओतला. त्यांनी माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. मी म्हटलं, "देवीचं हाय." झालं. देवीचं आहे म्हटल्यावर ताटात काही ठेवता येत नाही. त्यांनी सगळं खाल्लं.

उन्हातून चालत घरी आलो. ते उंबऱ्यावरच बसले. कपाळाला घाम, तोंडाला पाणी सुटलेलं. म्हणाले, "आये, मळमळतंय. वकारी यील."

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, आत पान लावत होत्या. तिथनंच ओरडल्या. "वकू नगंस! देवीचं हाय त्ये. देवीचं भाईर टाकलं तर पोरीचा ताप परत यायचा आन् वर आपल्या घरात बी यायचा. दाबून धर. मी ववा आणते."

हे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. मोरीपाशी गेले, वाकले. उमळ आली तशी त्यांनी एका हातानं तोंड दाबलं, दुसऱ्या हातानं नाक. सगळं अंग गदगदा हललं, डोळे बाहेर आले, आणि आलेलं त्यांनी परत गिळलं. मग दुसरी उमळ आली. तीही दाबली. आत्याबाई ओवा घेऊन मागं उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "शाब्बास. जिरंल आत्ता." तिसऱ्या वेळी ह्यांचा हात तोंडावरनं सुटला. तळव्याला थोडं रक्त होतं. ते म्हणाले, "आये, आत काय तरी तुटलं." आणि तिथंच मोरीच्या कडेला मुडपून पडले.

उलटी म्हणून बाहेर काही पडलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं त्यावरच सगळं आलं.

कळ छातीच्या खाली होती, पाठीत जात होती. त्यांना सरळ झोपता येईना, श्वास अर्धाच घेता येईना. चेहरा राखेसारखा झाला. पोटाला हात लावला तर पाट लावल्यासारखं कडक. मी चूल पेटवली आणि हळदीचं दूध केलं. आतून मार लागला, कळ आली, काही तुटलं तर हळदीचं दूध द्यायचं, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पहिली वाटी त्यांनी घेतली आणि अंग धनुष्यासारखं वाकवलं. मला वाटलं लागू पडतंय. तासाभरानं दुसरी दिली. तिसरी ते घेईनात. मी म्हटलं, "अवं, औषध हाय ह्ये." डोकं धरून पाजली.

शेजारचे वैद्य येऊन गेले. नाडी बघितली, म्हणाले, वायू छातीत चढलाय, उतरेल. चाटण दिलं. मी मानेला तेल लावायला बसले तर मान सुजलेली. नेहमीची सूज बोटाखाली दबते. ही दबली नाही, वाजली. खळ दिलेल्या सुताची लड वाळली की मुठीत जशी चुरचुरते, तशी ती कातडी माझ्या बोटांखाली चुरचुरत होती. मी हात काढला, परत लावला. परत तेच. गळ्यापासून खांद्यापर्यंत.

"आत्याबाई, हितं हात लावा."

त्यांनी लावला. "वारं भरलंय," म्हणाल्या, आणि हात पदराला पुसला.

सकाळी मी टांगा आणला. आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "दवाखान्यात माणूस मरायला नेत्यात."

"हितं बी मरतंयच की," मी म्हटलं. त्यांनी मला शिवी दिली आणि टांग्यात माझ्या आधी चढून बसल्या.

दवाखान्यातले डॉक्टर मध्यम वयाचे होते. बोलणं कमी. त्यांनी पोट दाबलं, ह्यांनी किंकाळी मारली. त्यांनी विचारलं, "आधी उलटी झाली का आधी कळ आली?"

आत्याबाई पुढं झाल्या. "उलटी न्हायच झाली. कळच आली एकदम."

खोटं नव्हतं ते. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले, मग आम्हाला म्हणाले, "पोटात जखम असते, ती फुटली असणार. पोट उघडावं लागेल." नर्सला सामान काढायला सांगितलं. ह्यांना ढकलगाडीवर घेतलं.

मी दाराशी उभी. उलटी झाली नाही, ती दाबली, हे सांगायला पाहिजे की नको, मला कळत नव्हतं. त्यानं फरक पडतो हेही माहीत नव्हतं. सांगितलं तर आत्याबाईंचं नाव येणार, एवढंच कळत होतं. एकाच घरात राहायचं होतं, एकाच चुलीवर. आणि हे मेले तर उरलेल्या आम्ही दोघीच होतो.

डॉक्टर मानेला हात लावून बघत होते. ते थांबले. बोटं त्याच जागी परत फिरवली. त्यांच्या बोटांखालीही ते वाजलं असणार.

मी म्हटलं, "उलटी आली हुती. तीनदा. भाईर येऊ दिली न्हाय."

"कुणी?"

"ह्यांनीच. हातानं तोंड-नाक दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तवा कळ आली."

"उलटी कोणी दाबतं का? कशाला?"

मी आत्याबाईंकडं बघितलं नाही. "देवीचं जेवण हुतं. वकायचं नसतं."

कुणी सांगितलं ते मी सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही. त्यांनी ढकलगाडी थांबवली, ह्यांना धरून बसतं केलं, पाठीवर बोटं आपटून आवाज ऐकला. उजवीकडं ढोलासारखा, डावीकडं खाली भरल्या घागरीसारखा. मग सुई मागवली. त्या सुईत काय आलं ते वर लिहिलंच आहे.

डॉक्टरांनी आम्हाला दोघींना भिंतीपाशी नेऊन सांगितलं. "घशातनं पोटापर्यंत अन्नाची नळी जाते. ती खालच्या बाजूला फाटलीय. उलटीचा जोर आत आणि तोंड बंद, मग तो जोर जाणार कुठं? जे गिळतील ते छातीत सांडणार. हे मी पुस्तकात वाचलंय. पण पुस्तकातल्या लोकांचं मेल्यावर कळलं होतं."

"आन् ह्यांचं?"

"यांचं आधी कळलं. एवढाच फरक आहे. तुमचं दूध दिसलं म्हणून नक्की कळलं. आणि त्याच दुधानं आत घाण झाली."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या. मी दोन्ही ऐकून घेतल्या.

बधिर करायची सुई देऊन त्यांनी कुशीतल्या एका फासळीचा तुकडा कापला आणि तिथून छातीत रबरी नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखाली पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवलं. ते खोकले की पाण्यात बुडबुडे येत. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होई. पहिल्या दिवशी किती घाण आली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पोटावर लहान भोक पाडून आतड्यात दुसरी नळी घातली. तिच्यातनं गाळलेलं दूध आणि भाताची पेज नरसाळ्यानं थेंब थेंब सोडायची. मांडीच्या कातडीखाली मिठाचं पाणी देत, मांडी भोपळ्यासारखी फुगायची. उशा लावून बसतं ठेवलेलं. झोपायचं नाही. आता म्हणे असल्या दुखण्यावर जंतू मारायची इंजेक्शनं आहेत. तेव्हा आमच्या दवाखान्यात नव्हती. घाण बाहेर काढायची आणि आत नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच होतं.

आत जाऊ द्यायची नाही, हे काम माझं.

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. बाटली खाटेच्या वर कधी उचलायची नाही, नाहीतर तिच्यातलं पाणी परत छातीत जाईल. आणि तोंडानं पाण्याचा थेंब नाही. थुंकीसुद्धा गिळायची नाही, वाडग्यात थुंकायची. "नर्सना वीस खाटा आहेत," ते म्हणाले. "तुम्हाला एक आहे."

उन्हाळ्याचे दिवस. सोलापूरचा उन्हाळा. वॉर्डाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि तो ह्यांना दिसत होता. मी नर्सला सांगून माठ हलवला तर तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथूनही दिसायचा.

"अगं, एक घोट."

"न्हाय."

"चमचाभर."

"न्हाय."

"तू बायकू हायस का फौजदार?"

"फौजदार."

ओल्या फडक्यानं ओठ पुसायची परवानगी होती. एकदा त्यांनी फडकं दातांत धरलं आणि चोखलं. माझ्या लक्षात येईपर्यंत घोट गेला होता. थोड्या वेळानं खोकला आला आणि बाटलीत बुडबुडे आले, ताप चढला. तो त्या घोटानं चढला का असाच, कोण सांगणार. तिथून पुढं मी फडकं पिळून कोरडं करूनच लावायची. त्यांचे ओठ फुटले. जीभ चामड्यासारखी झाली. बोलणं समजेना. नजर मात्र समजायची. मी मग तिकडं बघायचं सोडलं. बाटलीकडं बघत बसायची. पाणी वर, पाणी खाली. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. भूकही नाही, झोपही नाही. वाटीत घातलं की खायची, कुणी ऊठ म्हटलं की उठायची.

सहाव्या का सातव्या दिवशी ताप उतरेना. डॉक्टर खाटेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले आणि बाटली दोनदा बघून गेले. आत्याबाईंनी ते बघितलं. दुपारी त्या घरून तांब्या घेऊन आल्या. तांब्याचाच तांब्या, घासून लखलखीत. आत पाणी आणि वर तुळशीचं पान. ते कशाचं पाणी आहे हे वॉर्डातल्या सगळ्यांना कळलं. जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घालायचं ते.

मी उठून आडवी उभी राहिले.

"सरक," आत्याबाई म्हणाल्या.

"डॉक्टर न्हाय म्हणालेत."

"डॉक्टरला काय, त्येचं पोरगं हाय व्हय? माझं लेकरू तोंड कोरडं घेऊन जाऊ द्यू? मागनं पाण्यासाठी तळमळत फिरंल त्ये."

"अजून गेलं न्हाईत."

"तू धाडतीस की! तान्हेलं ठिऊन मारतीस. दूध तू पाजलंस, आन् आता पाणी न्हाय म्हंतीस."

"व्हय. दूध मी पाजलं," मी म्हटलं. "आन् वकू नगंस कोण म्हणलं, त्ये मी डॉक्टरला सांगितलं न्हाय."

त्यांचा हात पुढंच. ह्यांनी उशीवरनं मान उचलली होती आणि तोंड उघडलं होतं, पाखराच्या पिल्लासारखं. त्यांना तांब्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी तांब्या हिसकला. ओतायला मोरी लांब होती, आणि ओतलं तर त्या परत भरून आणणार. मी तो तोंडाला लावला आणि तिथंच, त्यांच्यासमोर, सगळं पाणी पिऊन टाकलं. पानासकट.

वॉर्डात कुणीतरी "अगं बया" म्हणालं. मरणाऱ्याचं पाणी जित्या बाईनं पिलं, हे कुणी बघितलं नसेल. आत्याबाई दोन पावलं मागं सरकल्या. हे माझ्याकडं बघत होते. मी रिकामा तांब्या पालथा करून खाटेखाली ठेवला, बाटलीला लागणार नाही असा.

लोकांनी नंतर विचारलं, तू असं कसं केलंस. मला त्याचं मोठं उत्तर नाही. दुसरं काही सुचलं नाही, आणि मला तहानही लागली होती.

त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पाणीही परत आणलं नाही. रोज यायच्या, ह्यांच्या पायाशी बसायच्या, पायांना तेल लावायच्या. दोघी एका खाटेच्या दोन टोकांना. पेज त्याच घरून करून आणायच्या, धोतराच्या फडक्यानं दोनदा गाळून. मी ती नळीत सोडायची.

ताप हळूहळू खाली आला. बाटलीतलं पातळ झालं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "बाई, उद्या घरून चिमूटभर हळद आणा. तुमची हळद ओळखीची झालीय."

चमचाभर पाण्यात हळद कालवून त्यांनी ह्यांना दिली. इतक्या दिवसांनी पहिला घोट. ह्यांनी तो तोंडात धरून ठेवला, गिळवत नव्हतं. गिळला. आम्ही सगळे बाटलीकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं नळीतनं एक पिवळी रेघ सरकत आली आणि पाण्यात पसरली.

"अजून आहे फट," डॉक्टर म्हणाले. "चालू द्या."

ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी वाडगा धुवून जागेवर ठेवला आणि फडकं पिळलं.

आणखी तीन आठवडे गेले. ह्यांची हाडं मोजता येत होती. डॉक्टरांनी परत हळद मागवली. या वेळी चमचा त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिला. "आजी, तुम्ही पाजा." आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चमचा घाईनं तिरका केला, अर्धी हळद ह्यांच्या हनुवटीवर सांडली. डॉक्टरांनी दुसरा चमचा द्यायला लावला. तो गेला.

बाटलीत काही आलं नाही.

"खोका," डॉक्टर म्हणाले.

ते खोकले. पाणी वर चढलं, खाली आलं. होतं तसंच, पांढुरकं. डॉक्टर घड्याळ बघत उभे राहिले. परत खोकायला लावलं. वॉर्डातली माणसं खाटांवरून वाकून बघत होती. पिवळं आलं नाही.

"आता साधं पाणी द्या," डॉक्टर म्हणाले. "दोन चमचे. जास्त नाही."

मी माठातलं पाणी वाटीत आणलं. ह्यांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कितीतरी दिवसांनी त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं.

"आता तू पिऊ नगंस."

आत्याबाई हसल्या. मग पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी दोन चमचे मोजून दिले. तिसरा मागितला, तो दिला नाही.

पुढं नळ्या निघाल्या. कुशीला खड्डा राहिला, त्यात बोट मावेल एवढा. गिरणीत खळ खात्यातली वाफ सोसेना म्हणून त्यांना दारावरचं काम मिळालं. पंगतीत कुणी आग्रह करायला लागलं की ते ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे. कुणी माझं कौतुक केलं की म्हणायचे, "हिनं माझ्या वाटचं पाणी पिलंय." कधी हसून म्हणायचे, कधी न हसता.

आत्याबाई माझ्याशी परत बोलायला लागल्या. कधीपासून ते आठवत नाही. चुलीवरच्या भाकरीवरनंच काहीतरी बोलणं निघालं असेल. चार वर्षांनी त्या तापानं गेल्या. तुळशीचं पान आणि पाणी त्यांच्या तोंडात मीच घातलं.

हे त्या दुखण्यातून जगले. त्यानंतर एकोणीस वर्षं.